आधी ट्यूनर, मग ईसीयू

टर्बो बसवला, मोठे इंजेक्टर आणले, कॅमशाफ्ट बदलला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: आता ईसीयू, म्हणजे इंधन आणि ठिणगी ठरवणारा इंजिनाचा संगणक, कोणता घ्यायचा? उत्तरंही ठरलेली असतात. कुणी हॉलटेक म्हणतं, कुणी लिंक, कुणी मोटेक. पैशांची ओढाताण असेल तर मेगास्क्वर्ट. प्रत्येकाजवळ आपल्या उत्तराच्या पुष्टीला एखादी तुफान पळणारी गाडी असते. पण आयडलिंगला धड न थांबणाऱ्या, मिसिंग मारणाऱ्या, पिस्टन जळालेल्या गाड्यांमध्येही हेच डबे सापडतात, अगदी महागातले महागसुद्धा. म्हणून माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. ईसीयूचं नाव ही यादीतली शेवटची गोष्ट आहे. गाडी कुठे चालवायची, मॅप (इंधन-ठिणगीचे तक्ते) कोण करणार, क्रँकचा सिग्नल स्वच्छ येणार का, वायरिंग कोणाच्या हातचं असणार, एवढं ठरलं की डबा जवळजवळ आपोआप ठरतो.

रेसिंगच्या सर्वांत वरच्या पायरीवर तर ईसीयूची निवडच उरलेली नाही. फॉर्म्युला वनमध्ये २००८ पासून सगळ्या संघांना मूळच्या मॅक्लारेनच्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीचा एकच प्रमाणित ईसीयू वापरावा लागतो. मोटोजीपीत २०१६ पासून मॅग्नेटी मरेलीचा एकच ईसीयू आणि एकच सॉफ्टवेअर आहे. तरीही त्या डब्यात कोणते आकडे भरायचे यावर प्रत्येक संघाचे इंजिनिअर रात्री जागवतात.

कंपनीचा ईसीयू नेमका कुठे कमी पडतो, हे माझदाच्या एमएक्स-५ मध्ये फार स्पष्ट दिसतं. १९८९ साली आलेली ही दोन आसनी गाडी आपल्याकडे कधी अधिकृतपणे विकली गेली नाही, पण अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि जपानमधल्या हौशी लोकांनी तिच्या १.६ लिटर इंजिनावर अतोनात प्रयोग केले. या इंजिनाच्या हवेच्या वाटेवर स्प्रिंग लावलेली एक झडप असते. हवा जितकी जास्त, तितकी झडप उघडते, आणि तिच्या कोनावरून ईसीयू इंधनाचा हिशेब करतो. मूळ इंजिनाला हे पुरतं. टर्बो बसवला की मात्र झडप लवकरच पूर्ण उघडून टेकते. पुढे हवा वाढत राहते, पण ईसीयूला आकडा तोच दिसतो. वातावरणापेक्षा जास्त दाबाची नोंदच त्याच्या तक्त्यांत नाही. त्यामुळे बूस्ट चढल्यावर ठिणगी मागे घ्यायला हवी, हेही त्याला ठाऊक नसतं. मिश्रण लीन (इंधन कमी), ठिणगी लवकर आणि सिलिंडरात दाब वाढलेला. पिस्टनला भोक पडायला एवढं पुरतं.

यावर पहिला उपाय निघाला तो ईसीयूला फसवण्याचा. याला पिगीबॅक म्हणतात. नव्वदच्या दशकातल्या एमएक्स-५ च्या टर्बो किटांमध्ये बूस्टबरोबर इंधनाचा दाब वाढवणारा रेग्युलेटर असे आणि ठिणगी मागे खेचणारा वेगळा डबा. थोड्या बूस्टवर हे निभावून जाई. आपल्याकडे हीच युक्ती डिझेल गाड्यांच्या ट्यूनिंग बॉक्समधून घरोघरी पोचली. पुण्याजवळच्या रांजणगावात तयार झालेलं १.३ मल्टीजेट इंजिन घ्या. पुंटो, लिनिआ आणि इंडिका व्हिस्टात ते होतं. अशा इंजिनाच्या कॉमन रेलवरच्या प्रेशर सेन्सरला बॉक्स मध्येच अडवतो आणि खरा दाब आहे त्यापेक्षा कमी सांगतो. ईसीयू बिचारा दाब वाढवतो, इंधन जास्त जातं, पिकअप सुधारतो. बॉक्स दहा मिनिटांत लागतो आणि निघतोही, म्हणून तो खपला. पण ज्या आकड्यावर ईसीयूची सगळी सुरक्षा उभी आहे, तोच आकडा खोटा करून मिळवलेली ही ताकद आहे. पेट्रोल टर्बोवर तर मी ही वाट कोणालाच सुचवणार नाही.

दुसरी वाट रिफ्लॅशची, जिला आपण सर्रास रिमॅप म्हणतो. डबा कंपनीचाच राहतो, आतले तक्ते बदलतात. होंडासाठी हॉनडेटा, सुबारूसाठी कॉब आणि इक्यूटेक ही यातली जुनी, मुरलेली नावं. या वाटेची किंमत अनेकांना कळत नाही, कारण जे मिळतं ते दिसतच नाही. हिवाळ्यात पहाटे एका सेल्फमध्ये सुरू होणं, एसी लावल्यावर आयडलिंग न पडणं, घाटात उंचीवर गेल्यावर इंधनाचा हिशेब न चुकणं, इमोबिलायझर, एबीएस, गिअरबॉक्स आणि मीटर यांच्याशी कॅनबसवरून चाललेलं बोलणं. कंपनीच्या इंजिनिअरांनी थंडीत, वाळवंटात आणि डोंगरात गाड्या पळवून वर्षानुवर्षं जुळवलेलं हे काम आहे. नव्या गाड्यांत तर पॅडल दाबणं म्हणजे थ्रॉटल उघडणं राहिलेलंच नाही. पॅडल म्हणजे टॉर्कची मागणी. ती कशी पुरवायची ते ईसीयू थ्रॉटल, बूस्ट आणि ठिणगी यांचा मेळ घालून ठरवतो. असा ईसीयू काढून नवा लावणारा माणूस हे सगळं काम फेकून देतो आणि ते कोऱ्या तक्त्यांवर पुन्हा करायला बसतो.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा: गाडी इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची असेल, इंजिनाची मूळ रचना तीच असेल आणि तिच्या ईसीयूसाठी चांगलं सॉफ्टवेअर मिळत असेल, तर रिफ्लॅशच करा. मात्र ‘स्टेज वन’ नावाची तयार फाइल ओतून घेण्याला ट्यूनिंग म्हणू नका. आपल्याच गाडीचे लॉग काढून, ते वाचून फाइल बदलली जाणार आहे का, हे आधी विचारा. नुसतं लॅपटॉप लावून पंधरा मिनिटांत गाडी परत देणाऱ्याने तुमच्या इंजिनाबद्दल काहीही जाणून घेतलेलं नसतं.

उरली तिसरी वाट, स्टँडअलोनची, म्हणजे कंपनीचा डबा काढून पूर्ण स्वतंत्र ईसीयू लावण्याची. जुन्या गाड्या, दुसरंच इंजिन उतरवलेल्या गाड्या, शर्यतीच्या गाड्या, आणि ज्यांच्या मूळ ईसीयूत शिरताच येत नाही अशा गाड्या यांना ती हवीच.

बॉशने १९६७ मध्ये डी-जेट्रॉनिक आणलं आणि १९७९ मध्ये मोट्रॉनिकमधून इंधन आणि ठिणगी दोन्ही एका डब्याच्या ताब्यात दिली. त्यानंतर काही वर्षांतच गाडीमालकाला स्वतः आकडे भरता येतील असे ईसीयू बाजारात आले. त्यात ऑस्ट्रेलियाचा वाटा मोठा: सिडनीचं हॉलटेक १९८६ चं, मेलबर्नचं मोटेक १९८७ चं. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमधून लिंक आलं. आज पोलंडचं इक्यूमास्टर, स्वीडनचं मॅक्सईसीयू, ब्राझीलचं फ्युएलटेक आणि अमेरिकेचं हॉली हेही त्याच रांगेत आहेत. या मधल्या थरातल्या डब्यांमध्ये आज इतकी क्षमता आहे की रस्त्यावरून ट्रॅकवर जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना ती वापरून संपणार नाही. वरच्या थरात मोटेकची एम१ मालिका आणि एमट्रॉन यांसारखी नावं येतात. मोटेक घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. तिथे डब्याबरोबरच काही सुविधांच्या लायसन्सचेही पैसे मोजावे लागतात, म्हणून भाव विचारताना लॉगिंगसकट एकूण भाव विचारावा.

खालच्या थराबद्दल मला विशेष आस्था आहे. ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो या दोन अमेरिकी इंजिनिअरांनी २००१ च्या सुमारास मेगास्क्वर्ट आणला. सर्किट बोर्ड आणि सुटे भाग घ्यायचे आणि सोल्डर करून ईसीयू स्वतः बनवायचा. टर्बो एमएक्स-५ ची ती झडप काढून टाकून मॅनिफोल्डमधल्या दाबावर इंजिन चालवायला हजारो लोक याच डब्यावर शिकले. पुढे ऑस्ट्रेलियात अर्डुइनो मेगावर चालणारा स्पीडुइनो आला, आणि एसटीएम३२ चिपवर चालणारा रुसईएफआय. या दोन्हींचा कोड कुणालाही उघडून वाचता येतो. तिन्ही प्रकार ट्यूनरस्टुडिओ या एकाच सॉफ्टवेअरने चालवता येतात, त्यामुळे एकावर हात बसला की दुसऱ्यावर अडखळायला होत नाही. ज्याला शिकायचंय, ज्याच्याकडे वेळ आहे आणि गाडी महिनाभर उभी राहिली तरी ज्याचं अडत नाही, त्याच्यासाठी याहून चांगली शाळा नाही. ज्याला पुढच्या महिन्यात शर्यत गाठायचीय त्याने इकडे वळू नये.

आता डब्याच्या आत बघू. जाहिरातीत सगळ्यात आधी किती चॅनेल ते लिहिलेलं असतं. ते मोजणं सोपं आहे. प्रत्येक इंजेक्टर आणि प्रत्येक कॉइल स्वतंत्र चालवायची तर चार सिलिंडरला चार अधिक चार लागतात. शिवाय फॅन, फ्युएल पंप, बूस्ट सोलेनॉइड, आयडल व्हॉल्व्ह आणि कॅम फिरवणारे सोलेनॉइड. एवढं लिहून काढावं आणि वर दोन-तीन मोकळे ठेवावेत. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर ते चालवण्याची सोय डब्यातच आहे ना, एवढं बघावं. इंजेक्टर कमी रेझिस्टन्सचे, म्हणजे दोन-चार ओहमचे असतील, तर ते चालवणारे वेगळे ड्रायव्हर लागतात. हा विषय इथेच संपतो.

खरा विषय ट्रिगरचा आहे. क्रँकवर दात्यांची एक चकती असते. बऱ्याच युरोपीय गाड्यांत साठ दात्यांच्या जागा आणि त्यातले दोन दाते गायब, तिला ६०-२ म्हणतात. समोरचा सेन्सर दाते मोजतो आणि गायब दात्यांची फट आली की ईसीयूला क्रँक कुठे आहे ते कळतं. इंजिन ७,२०० आरपीएमवर असताना क्रँक एक अंश फिरायला सुमारे २३ मायक्रोसेकंद लागतात. ठिणगी केव्हा पडणार आणि इंजेक्टर केव्हा उघडणार, हे सगळं या दात्यांच्या मोजणीवर चालतं. जुन्या पद्धतीचा चुंबकीय सेन्सर सेल्फ मारताना जेमतेम व्होल्ट देतो आणि वरच्या आरपीएमला कित्येक व्होल्ट. त्याच्या वायरीशेजारून कॉइलची वायर गेली, शिल्डिंग दोन्ही टोकांना अर्थ केलं किंवा चकती किंचित वेडीवाकडी फिरली, की सिग्नलवर नको ते खड्डे-उंचवटे येतात. ईसीयू एखादा दाता जास्त मोजतो, पुढची फट त्याला अपेक्षित जागी सापडत नाही आणि तो इंजेक्टर व ठिणगी बंद करतो. गाडीत बसलेल्याला जाणवतं ते ५,५०० ला खाटकन आलेलं मिसिंग. मग प्लग बदलले जातात, कॉइल बदलल्या जातात, पंपही बदलला जातो.

म्हणून ईसीयू निवडताना मी जी सोय सर्वांत आधी शोधेन ती ट्रिगर स्कोपची. सेन्सरची लाट लॅपटॉपवर जशीच्या तशी दाखवणारी ही सोय आज अनेक डब्यांत असते. त्याच्या जोडीला ट्रिगरच्या चुका मोजणारा काउंटर हवा आणि तो लॉगमध्ये दिसायला हवा. आणि तुमच्या इंजिनाच्या चकतीचा नमुना त्या डब्यात आधीपासून आहे का, हेही बघावं. निसानच्या जुन्या इंजिनांत ३६० खाचांची ऑप्टिकल चकती असते, सुबारूच्या अनेक इंजिनांत तीन ठिकाणी दोन-दोन दाते गायब असतात. ‘सगळी इंजिनं चालतात’ या शब्दावर विसंबू नये. तुमचंच इंजिन त्या डब्यावर कुणी चालवलंय का, ते शोधावं.

दुसरी गोष्ट इंजेक्टरची. वीज मिळाली की इंजेक्टर त्याच क्षणी उघडत नाही. तो उघडायला लागणारा वेळ, डेड टाइम, साधारण एक मिलिसेकंदाच्या घरात असतो आणि बॅटरीचा व्होल्टेज उतरला की वाढतो. समजा आयडलिंगला मोठ्या इंजेक्टरची पल्स दोन मिलिसेकंदांची आहे. त्यातला अर्धा वेळ उघडण्यातच गेला. आता रात्री हेडलाइट लावले, रेडिएटरचा फॅन सुरू झाला, व्होल्टेज चौदावरून बारावर आला आणि डेड टाइम पाव मिलिसेकंदाने वाढला. इंधन एक चतुर्थांश घटलं. गाडी थरथरते आणि बंद पडते. गॅरेजमध्ये थ्रॉटल बॉडी साफ होते, आयडल व्हॉल्व्ह बदलला जातो. दोष मात्र डेड टाइमच्या तक्त्यात असतो. हा तक्ता प्रत्येक ईसीयूत असतो. पण त्यात भरायचे आकडे इंजेक्टर विकणाऱ्याकडून मिळतात. म्हणून आकड्यांसह मिळणारे इंजेक्टर घ्या. निव्वळ सीसी सांगून विकलेले स्वस्त इंजेक्टर महागड्या ईसीयूलाही झुलवतात.

नॉकिंगच्या, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठोकण्याच्या, बाबतीतही तेच. सेन्सर कोणत्या कंपनसंख्येवर ऐकायचा हे सिलिंडरच्या व्यासावरून ढोबळमानाने काढता येतं. ८९ मिलिमीटर व्यासाला ते सुमारे साडेसहा किलोहर्ट्झ येतं. पण व्हॉल्व्हचा खडखडाट आणि खरं नॉकिंग यांतला फरक ओळखायला ट्यूनरने कानाला हेडफोन लावून ब्लॉकचा आवाज ऐकावा लागतो. डब्यात नॉक कंट्रोल आहे म्हणून इंजिन सुरक्षित आहे, असं मानण्यासारखी धोक्याची समजूत नाही.

८९ मिलिमीटर हा व्यास मी उगाच घेतला नाही. केटीएम ३९० च्या ३७३ सीसी इंजिनाचा तो व्यास आहे. हे इंजिन बजाजच्या चाकणच्या कारखान्यात बनलं, आणि फॉर्म्युला स्टुडंटच्या स्पर्धांसाठी विद्यार्थी ज्या छोट्या रेसकार बांधतात त्यांपैकी अनेकींत तेच बसवलेलं असतं. नियमाप्रमाणे सगळी हवा २० मिलिमीटरच्या भोकातून घ्यावी लागते, म्हणून मोटारसायकलचा मूळ मॅप चालत नाही आणि मुलांना स्टँडअलोनकडे वळावं लागतं. एका सिलिंडरच्या इंजिनात मॅनिफोल्डचा दाब प्रत्येक फेरीत उसळ्या मारतो. दाब मोजायचा तर क्रँकच्या ठरावीक कोनावरच मोजावा लागतो, नाहीतर थ्रॉटल किती उघडलंय यावरून इंधन ठरवावं लागतं. कॅमला सेन्सर नसेल तर दोन फेऱ्यांपैकी इनटेकची कोणती, हेही दाबाच्या घसरणीवरूनच ओळखतात. हे करू शकणारा साधा डबा इथे मोठ्या नावाच्या डब्याला सहज मागे टाकतो. पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांच्या वर्कशॉपमध्ये ही झटापट करणारी मुलं उद्याचे ट्यूनर आहेत, आणि त्यांच्याकडे बघून मला खरोखर आशा वाटते.

सध्या आपल्याकडे इंधनाचाही प्रश्न आहे. २०२५ मध्ये देशातल्या पेट्रोलमधलं इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत पोचलं. शुद्ध पेट्रोलला एका किलोमागे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. मिश्रण २० टक्क्यांचं असेल तर हिशेब साडेतेराच्या आसपास येतो. १० टक्क्यांच्या पेट्रोलवर केलेला मॅप २० टक्क्यांवर साधारण ४ टक्के लीन होतो. संथ चालताना लॅम्ब्डा सेन्सर ही तूट भरून काढतो. पण पूर्ण बूस्टवर अनेक मॅप सेन्सरकडे न बघता तक्त्यातल्या आकड्यांवरच चालतात. त्यामुळे नवा ईसीयू घेताना इंधनातल्या इथेनॉलचं प्रमाण मोजणाऱ्या फ्लेक्स सेन्सरची सोय असलेलाच घ्यावा. हा सेन्सर ५० ते १५० हर्ट्झची लाट देतो, ५० म्हणजे शून्य टक्के आणि १५० म्हणजे शंभर. बॉशचा एलएसयू ४.९ वाइडबँड सेन्सर थेट जोडता आला तर उत्तमच. आणि मॅप लॅम्ब्डाच्या, म्हणजे मिळालेल्या हवेचं लागणाऱ्या हवेशी असलेल्या प्रमाणाच्या, भाषेत करून घ्यावा. लॅम्ब्डा एक म्हणजे एक, मग टाकीत काहीही असो.

वायरिंगवर लोक पैसे वाचवतात आणि तिथेच फसतात. जुन्या हार्नेसला जोड देऊन, टेप गुंडाळून बसवलेला ईसीयू कोकणातल्या एका पावसाळ्यात रंग दाखवतो. कंप असलेल्या ठिकाणी सोल्डर तुटतं, नीट केलेलं क्रिम्प टिकतं. सेन्सरचा अर्थ वेगळा ईसीयूकडेच न्यावा, कॉइलचा अर्थ वेगळा ब्लॉकला द्यावा. चांगल्या हार्नेसची मजुरी स्वस्त ईसीयूच्या किमतीहून जास्त होऊ शकते आणि ती देण्याजोगी असते. गाडीच्या मूळ सॉकेटात सरळ बसणारा प्लग-इन डबा मिळत असेल तर हा खर्च बराच वाचतो. लिंक आणि हॉलटेक दोघांकडे काही गाड्यांसाठी असे डबे आहेत.

कायद्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये मालकाने केलेल्या बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा गाड्यांत उत्सर्जनावर लक्ष ठेवणारी यंत्रणा ईसीयूतच असते. तो काढला की तीही गेली. म्हणून माझ्या दृष्टीने स्टँडअलोनची जागा ट्रॅकवर आहे. गाडी ट्रेलरवर न्या आणि ट्रेलरवरच आणा.

राहिला ट्यूनर. तुमच्या गावापासून गाडी नेता येईल एवढ्या अंतरावर डायनो (गाडी जागेवर पळवून ताकद मोजणारं यंत्र) असलेला आणि मॅप करणारा कोण आहे, हे आधी शोधा. तो कोणत्या सॉफ्टवेअरवर रोज काम करतो ते विचारा, आणि बहुतेक वेळा तोच ईसीयू घ्या. रोज हाताखालच्या मधल्या थरातल्या डब्यावर तो जे करेल, ते कधी न उघडलेल्या मोटेकवर करू शकणार नाही. पैसे देण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा. मॅपची फाइल कुलूप न लावता तुमच्या हातात मिळेल का, आणि ऑइलचा दाब पडला, मिश्रण लीन झालं किंवा बूस्ट मर्यादेपलीकडे गेलं तर इंजिन बंद करणारी सुरक्षा तो भरून देणार का. मग त्याचं काम एकदा उभं राहून बघा. नवा ईसीयू लावल्यावर ठिणगी दहा अंशांवर बांधून क्रँकच्या पुलीवर टाइमिंग लाइट मारावा लागतो. खूण दहाऐवजी पंधरावर दिसली तर मॅपमधला ठिणगीचा प्रत्येक आकडा पाच अंशांनी खोटा असतो आणि पहिल्याच पूर्ण रेसमध्ये इंजिन ठोकायला लागतं. गाडी डायनोवर रेस करण्याआधी जो माणूस आपणहून टाइमिंग लाइट काढतो, ईसीयू कोणता घ्यायचा हे त्याला विचारा.